फुगलेले द्रव यीस्टचे पाकीट आणि पुराने पुढे ढकललेली बॅच

मधुरस (प्रश्नकर्ता) :

नमस्कार. सांगलीजवळ नदीपट्ट्यात आमचे मध आणि फळांपासून वाइन तयार करणारे एक छोटे, परवानाधारक युनिट आहे. कोणतीही नवी कल्पना मोठ्या टाकीत उतरवण्यापूर्वी आम्ही ती वीस लिटरच्या काचेच्या बरणीत करून पाहतो. या खेपेस महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध घेऊन, वाइनच्या नेहमीच्या यीस्टऐवजी बिअरच्या एल जातीच्या द्रव यीस्टवर मीड (मधाची वाइन) करण्याचे ठरले होते. मिश्रणाची सुरुवातीची घनता १.०७० (पाण्याची १.००० मानून) धरली आहे.

यीस्टचे पाकीट ज्यात आत पोषकद्रव्याची छोटी पिशवी असते आणि ती तळहाताने दाबून फोडावी लागते, त्या प्रकारचे आहे. आज सकाळी सूचनेप्रमाणे ती पिशवी फोडली आणि दुपारपर्यंत पाकीट फुगूनही आले. तेवढ्यात कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा निरोप आला. आयर्विन पुलाजवळची पातळी संध्याकाळपर्यंत इशारा पातळी ओलांडेल असा अंदाज आहे. काठावरच्या शेतकऱ्यांनी मोटारी वर ओढून घेतल्या आहेत आणि आमची माणसे मधाचे डबे, पंप व बरण्या माळ्यावर चढवण्यात गुंतली आहेत. पाणी ओसरून, जागा धुऊन काम पुन्हा सुरू होईपर्यंत आठ-दहा दिवस सहज जातील. २०१९ साली ज्यांनी पुलाजवळ सत्तावन्न फुटांचे पाणी पाहिले आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

पाकिटावरची उत्पादनाची तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे. फोडलेले पाकीट पुन्हा फ्रिजमध्ये ठेवले तर यीस्ट टिकेल का? ठेवायचे तर लगेच ठेवावे की थांबून? आणि रात्रीतून महावितरणने खबरदारी म्हणून पुरवठा बंद केला तर काय करावे?

प्रयोगशाळा_कट्टा :

पाकीट फेकण्याचे काहीही कारण नाही. बॅच लांबल्याने यीस्ट मरत नाही; ते मरते ते उष्णतेने आणि त्याहून लवकर गोठण्याने. तुमच्या हातात या दोन्ही गोष्टी अजून आहेत.

पिशवी फोडल्यावर आतल्या थोड्या साखरेवर आणि पोषकद्रव्यांवर यीस्ट जागे होते, कर्बवायू सोडते आणि पाकीट फुगते. हे फुगणे म्हणजे पेशींची संख्या वाढली याची खूण नव्हे, ते केवळ यीस्ट जिवंत आहे एवढेच सांगते. नेमक्या या टप्प्यावर घाईने ते थंड करणे मला योग्य वाटत नाही. जागे होताना पेशी आपल्या साठ्यातले ग्लायकोजेन खर्च करतात आणि अन्न संपत आले, किण्वन मंदावले की पुन्हा ग्लायकोजेन व ट्रेहालोज साठवून बसतात. मधल्या वेळात, म्हणजे साठा खर्च झालेला आणि नवा जमलेला नाही अशा अवस्थेत यीस्टला थंडीत ढकलले, तर ते उपाशीपोटी झोपी जाते आणि नंतर उठताना रडते. म्हणून पाकीट पूर्ण फुगून टणक होईपर्यंत, आजची संध्याकाळ ते घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात राहू द्यावे आणि मग फ्रिजमध्ये ठेवावे.

फ्रिजमध्ये ठेवतानाही जागा पाहून ठेवावी. दार दर वेळी उघडल्यावर तापते, आणि पाठीमागची भिंत, विशेषतः आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये जिथून गार वारा येतो ती जागा, कधी कधी शून्याखाली जाते. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, २ ते ४ अंश सेल्सियस राहील अशा ठिकाणी पाकीट उभे ठेवावे. शेजारी एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवला म्हणजे अंदाजावर विसंबावे लागत नाही, कारण फ्रिजच्या बटणावरचे आकडे तापमानाचे नसतात. वायू काढण्यासाठी पाकिटाला टाचणी लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या छिद्रातून जे आत जाईल ते कोणते हे आपण ठरवू शकत नाही.

आता हिशेब. अशा पाकिटात भरतेवेळी साधारण १०० अब्ज पेशी असतात. थंड ठेवूनही महिन्याला सुमारे वीस टक्के जिवंत पेशी कमी होतात असा ठोकताळा बिअरवाले वापरतात. तो फार काटेकोर नाही, पण वाईट बाजूने विचार करण्यासाठी चांगला आहे. दोन महिन्यांनंतर साठ-पासष्ट अब्ज धरा, पुराचे दिवस संपल्यावर साठाच्या खाली धरा. एल यीस्टसाठी दर मिलिलिटरला दर अंश प्लेटो (मिश्रणातल्या साखरेच्या टक्क्यांचे माप) ०.७५ दशलक्ष पेशी हे सर्वसाधारण प्रमाण आहे. १.०७० घनता म्हणजे सुमारे १७ अंश प्लेटो, आणि २० लिटरला हा गुणाकार २५५ अब्जांवर जातो. याचा अर्थ पूर आला नसता तरी हे एक पाकीट तुमच्या मीडला एकट्याने पुरले नसते, आणि आज सकाळी ते थेट बरणीत ओतले असते तर किण्वन रडतखडत सुरू झाले असते. स्टार्टर (बॅचआधी थोड्या पोषक, गोड पाण्यात यीस्टची संख्या वाढवून घेणे) करावाच लागणार होता. विलंबाने उलट तो करण्यासाठी वेळ मिळाला आहे.

स्टार्टर मात्र आत्ता करू नका. मध, स्वच्छ पाणी आणि वीज या तिन्हींची खात्री झाल्याशिवाय यीस्टला पुन्हा उठवण्यात अर्थ नाही.

शीतपेटी :

मी सातारा जिल्ह्यात औषधभांडार सांभाळून निवृत्त झालो. मद्याच्या धंद्याशी माझा काडीचा संबंध नाही, पण थंड राहिले पाहिजे आणि गोठता कामा नये अशी वस्तू विजेशिवाय कशी सांभाळायची, हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग होता, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

बंद फ्रिज वीज गेल्यावर साधारण चार तास गारवा धरून ठेवतो, आणि हे चार तास दार न उघडल्यास मिळतात. रिकाम्या जागेत आत्ताच पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात. त्या गार झाल्या की तो वेळ लांबतो. त्यापुढच्या काळासाठी थर्माकोलची जाड भिंतीची पेटी हवी, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. लोक फ्रीझरमधून पांढऱ्या, दगडासारख्या जेलच्या पिशव्या काढतात आणि थेट औषधाला चिकटवून ठेवतात. फ्रीझरमधून नुकतीच निघालेली पिशवी शून्याच्या बरीच खाली असते, त्यामुळे तिला टेकलेली वस्तू गोठते. गोठल्यावर ज्या लसी निकामी होतात, त्यांच्यासाठी आम्ही बर्फाची पिशवी बाहेर टेबलावर मांडून ठेवत असू. तिच्यावर आधी पांढरे दहिवर जमते, मग ते विरघळून पिशवी घामेजते, आणि ती कानाजवळ नेऊन हलवली की आत पाणी खुळखुळल्याचा आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे पिशवी शून्य अंशावर आली, आणि मगच ती पेटीत घालायची. तुमच्या यीस्टलाही हाच नियम लावावा, शिवाय पिशवी व पाकीट यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवावी.

वीज दोन-तीन दिवस येणार नसेल, तर आपल्या भागातली सोय आपणच विसरतो असे मला वाटते. तासगाव, कुपवाड, सांगली या पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहे आहेत आणि त्यांच्याकडे जनरेटर असतात. ओळखीच्या शीतगृहचालकाला त्याच्या खोलीचे तापमान विचारून, पाकीट डब्यात बंद करून आणि वर नाव लिहून ठेवायला द्यावे. बेदाणा चार अंशांच्या आसपास ठेवतात. तुमच्या कामाला ते चालेल असे वरच्या उत्तरावरून दिसते.

कोरडेपंथी :

एवढा खटाटोप वाचून मला राहवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत द्रव यीस्ट मागवायचे, ते बंगळुरूहून किंवा पुण्याहून कुरिअरने तापत यायचे, मग त्याच्यासाठी शीतगृह शोधायचे, आणि शेवटी स्टार्टर करून त्याची संख्या भरून काढायची, यापेक्षा साडेअकरा ग्रॅमचे कोरड्या यीस्टचे पाकीट कपाटात पडून राहिले असते तर काय बिघडले असते? त्यातले पाणी काढून घेतलेले असल्याने पेशी सुप्तावस्थेत राहतात, थंड व कोरड्या जागी ते वर्ष-दोन वर्षे टिकते, आणि बॅच पंधरा दिवस पुढे गेली तर त्याला कळतही नाही. द्रव यीस्टचे जाणकार जातींच्या वैविध्याचे गुणगान करतात. ते मान्य; पण जांभळाच्या मधाचा स्वत:चा वास इतका तेज आहे की एलच्या दोन जातींतला सूक्ष्म फरक त्यात किती जणांना ओळखता येईल, याविषयी मला शंका आहे.

निदान एक कोरडे पाकीट आडीअडचणीला जवळ ठेवावे एवढे तरी ऐकावे.

प्रयोगशाळा_कट्टा :

कोरडे पाकीट जवळ असावे, याविषयी दुमत नाही. मात्र प्रश्नकर्त्यांच्या हातात आज जे आहे ते द्रव यीस्ट आहे, आणि चाचणीची बॅच ही त्या जातीची चव पाहण्यासाठीच केली जाते. म्हणून ते वाचवण्याचा सल्ला देणे भाग आहे. शीतपेटी यांनी सांगितलेली खुळखुळ ऐकण्याची रीत मात्र मी माझ्या वहीत उतरवून घेतली आहे, कारण गोठलेल्या यीस्टमध्ये बर्फाचे स्फटिक पेशीचे आवरण फोडतात आणि वितळल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. प्रयोगशाळेत यीस्ट गोठवून साठवतात ते ग्लिसरॉल घालून, अतिशय कमी तापमानाला. घरच्या फ्रीझरमध्ये नुसते पाकीट टाकणे म्हणजे तो प्रयोग नव्हे.

मधुरस (प्रश्नकर्ता) :

सर्वांचे आभार. काल रात्री पाकीट टणक झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवले आणि पहाटे वीज गेली. पुरवठा लवकर सुरू होण्याची चिन्हे नसल्यामुळे, सांगितल्याप्रमाणे बर्फाच्या पिशव्या घामेजू देऊन थर्माकोलच्या पेटीतून पाकीट कुपवाडच्या एका शीतगृहात नेले आहे. तिथल्या माणसाने बेदाण्याच्या पेट्यांशेजारी हा फुगलेला चंदेरी पुडा ठेवताना तो फुटणार तर नाही ना, असे दोनदा विचारले.

पुढची अडचण अशी की, ज्यावर स्टार्टर करतात ते माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा गोड अर्क) आमच्याकडे नसते, कारण आम्ही बिअर करत नाही. मध मात्र मुबलक आहे. स्टार्टर मधाच्याच पाण्यात केला तर? मीडसाठीच तर तो करायचा आहे.

मांघरवाट :

मधाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचा सगळा परिसर मधपाळांचा आहे, आणि महाबळेश्वरजवळचे मांघर हे मधाचे गाव म्हणून २०२२ पासून ओळखले जाऊ लागल्यावर मीडविषयी विचारणारे पुष्कळ लोक इकडे येतात.

मधावर स्टार्टर करू नये. मधात साखर भरपूर असते, पण यीस्टला नवी पेशी बांधण्यासाठी जो नायट्रोजन लागतो तो जवळजवळ नसतो. स्टार्टरचा उद्देश साखर संपवणे हा नसून पेशी वाढवणे हा आहे. नुसत्या मधाच्या पाण्यात यीस्ट साखर खाईल, फेस आणील आणि तुम्हाला काम झाले असे वाटेल. प्रत्यक्षात संख्या फारशी वाढलेली नसेल आणि जी असेल ती दुबळी असेल. माल्टमध्ये अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि खनिजे तयारच असतात. माल्ट एक्स्ट्रॅक्टची पावडर मागवून घ्यावी, पुराचे पाणी ओसरेपर्यंत ती येऊन पोहोचेल. बेकरीच्या सामानात मिळणारे माल्टचे द्रव्यही चालते, मात्र त्यात परिरक्षक नाही हे लेबलवर पाहून घ्यावे. दूध-कोको घातलेली माल्टची पेये यासाठी उपयोगाची नाहीत, कारण हा प्रश्न पुढे कोणीतरी विचारणारच.

नायट्रोजनची ही उणीव मुख्य बॅचमध्येही राहणार आहे, तेव्हा पोषकद्रव्य पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडे थोडे करून द्यावे. डायअमोनियम फॉस्फेट त्यासाठी वापरतात. आपल्या भागात प्रत्येकाच्या गोठ्याशेजारी डीएपीचे पोते असते म्हणून स्पष्ट लिहितो : शेतीचे खत म्हणून येणारे डीएपी अन्नात घालण्यासाठी शुद्ध केलेले नसते. अन्नश्रेणीचेच घ्यावे.

नवखा_वाचक :

मी साताऱ्यात राहतो आणि हा धागा उत्सुकतेने वाचतो आहे. हे सर्व एखाद्याने घरच्या स्वयंपाकघरात लहान प्रमाणावर केले तर चालते का?

मांघरवाट :

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि प्रमाण लहान असले तरी तो गुन्हाच राहतो. प्रश्नकर्त्यांचे युनिट परवानाधारक असल्याचे त्यांनी पहिल्याच वाक्यात लिहिले आहे, ते उगाच नव्हे. आपल्याला यीस्ट सांभाळण्याचाच सराव करायचा असेल तर पावाच्या पिठापासून सुरुवात करावी. राज्य उत्पादन शुल्क विभागाशी पत्रव्यवहार त्यात लागत नाही.

मधुरस (प्रश्नकर्ता) :

पाणी ओसरले. खालच्या मजल्यावर गुडघाभर गाळ होता, बरण्या आणि मध सुखरूप आहेत. पाकीट शीतगृहातून परत आणले आहे. ते अजून फुगलेलेच आहे, मात्र पहिल्याइतके टणक नाही. माल्टची पावडर आली आहे आणि मॅग्नेटिक स्टिररही (चुंबकाने सतत ढवळणारे यंत्र) चालू आहे. पाणी मात्र गढूळ येत असल्याने आम्ही सध्या सर्व कामाला बाहेरून आणलेले शुद्ध पाणी वापरतो. आता क्रम कसा ठेवावा? आणि ओतण्यापूर्वी यीस्ट वापरण्याजोगे आहे की नाही हे ओळखावे कसे?

प्रयोगशाळा_कट्टा :

पाकीट थोडे सैलावले आहे ते थंडीत वायू आकुंचन पावतो आणि काही द्रवात विरघळतो म्हणून. त्याचा वाईट अर्थ काढू नये.

पुराचे पाणी शिरलेल्या जागेत काम करणार आहात, तेव्हा पाकीट उघडण्यापूर्वी ते बाहेरून साबणाने धुऊन, पाकीट आणि कात्री दोन्ही सत्तर टक्के स्पिरिटने पुसून घ्यावेत. एवढी काळजी इतर वेळी थोडी अतिरेकी वाटेल, पण गाळात काय काय असते हे तुम्ही आम्हाला सांगावे. कापल्यावर प्रथम वास घ्यावा. निरोगी यीस्टला ताज्या पावासारखा, किंचित आंबूस वास येतो आणि रंग सायीसारखा असतो. जळक्या रबराचा किंवा उकळलेल्या मांसाच्या पाण्यासारखा वास आला, रंग तपकिरीकडे झुकलेला दिसला, तर पेशी मरून आतून विरघळू लागल्या आहेत असे समजावे. तसे असेल तर इथेच थांबावे आणि कोरडेपंथी यांना विजयी घोषित करावे.

वास चांगला असेल तर जवळपासच्या एखाद्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात थेंबभर नमुना नेऊन मिथिलीन ब्लूची चाचणी करून घेता येते. जिवंत पेशी हा निळा रंग रंगहीन करतात, मेलेल्या पेशी तो काढू शकत नाहीत आणि निळ्याच राहतात; सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठ्या दिसणाऱ्या पेशींमध्ये निळ्या किती आणि पांढऱ्या किती एवढेच मोजायचे असते. मात्र जिवंतांचे प्रमाण बरेच खाली गेलेले असेल तर ही चाचणी वस्तुस्थितीपेक्षा बरे चित्र दाखवते, म्हणून सत्तर टक्के आले तर मनात साठ धरावे.

चाचणी शक्य नसेल तरी अडत नाही. अशा वेळी यीस्ट थकलेले आहे असेच मानून मी दोन टप्प्यांत स्टार्टर करीन. पहिला टप्पा अर्धा लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम माल्ट पावडर, म्हणजे मुद्दाम पातळ, कारण अशक्त पेशींना सुरुवातीलाच दाट साखरेत टाकले की त्यांच्यावर ताण येतो. पाणी पंधरा मिनिटे उकळून, झाकण ठेवून, पंचवीस अंशांच्या खाली आल्यावर यीस्ट ओतावे. पाकीट फ्रिजमधून आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवावे, जेणेकरून दोन्हींच्या तापमानात फार अंतर राहणार नाही. एक दिवस ढवळत ठेवल्यावर दुसरा टप्पा : दोन लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम पावडर. सतत ढवळत राहिल्यास पन्नास-साठ अब्जांचे अडीचशे अब्ज होणे अवघड नाही. मध्येच वीज गेली तर येता-जाता फ्लास्क हाताने गरगर फिरवावा. तेवढ्यावर निम्म्याच्या थोडे वर मजल जाते. झाकण घट्ट लावू नये, निर्जंतुक केलेला कापूस किंवा सैल फॉइल पुरे, कारण आत हवा जायला हवी आणि वायू बाहेर यायला हवा.

आणि इथे पुन्हा बॅच पुढे गेली तर? पुरानंतरच्या आठवड्यात तसे होणे अशक्य नाही. स्टार्टर पूर्ण आंबून शांत होऊ द्यावा, मग फ्रिजमध्ये ठेवावा. दोन दिवसांत यीस्टचा साका खाली बसतो आणि वरची निवळ तशीच ठेवावी, ती हवेपासून संरक्षण करते. आठवडाभर तो निर्धास्त राहतो. त्याहून जास्त दिवस गेले, तर मीडच्या दिवशी सकाळी निवळ ओतून द्यावी, अर्धा लिटर ताजे माल्टचे पाणी घालून चार-पाच तास ढवळावे आणि फेस धरू लागल्यावर सगळेच बरणीत ओतावे. त्या थोड्या वेळात संख्या वाढत नाही, पण पेशी साठा भरून घेतात आणि ताज्या दमाने कामाला लागतात. ओतण्यापूर्वी मधाचे मिश्रण जोरात हलवून त्यात हवा मिसळावी. नव्या पेशींचे आवरण बांधण्यासाठी लागणारी स्टेरॉल द्रव्ये यीस्टला प्राणवायूशिवाय तयार करता येत नाहीत.

मधुरस (प्रश्नकर्ता) :

पाकीट उघडले. वास पावासारखाच आहे आणि रंग दुधी आहे. पहिला टप्पा दुपारी लावला आहे. नमुना उद्या महाविद्यालयात जाईल. कोरड्या यीस्टची दोन पाकिटेही मागवली आहेत, तेव्हा कोरडेपंथी यांनी वाईट वाटून घेऊ नये.

कोरडेपंथी :

वाईट वाटण्याचे कारण नाही. एक विनंती मात्र आहे : मिश्रण वीसऐवजी बावीस लिटर करावे आणि दोन लिटर वेगळ्या बाटलीत काढून त्यात कोरडे यीस्ट घालावे. मध तोच, पाणी तेच, तापमान तेच. तीन महिन्यांनी दोन्ही पेले शेजारी ठेवून पाहिल्यावर कळेल की शीतगृहाची फेरी कशासाठी होती.

प्रयोगशाळा_कट्टा :

सूचना मान्य. फक्त पेल्यांवर नावे लिहिणारा आणि चव घेणारा हे दोघे वेगळे असावेत, आणि दुसऱ्याला आधी काही सांगू नये.